आधी जेवण शोधा, पक्षी आपोआप सापडतील: ठाणे-नवी मुंबईच्या वसंतातलं निरीक्षण आणि फोटो

फेब्रुवारी संपत आला की ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या चढावर काटेसावरी फुलतात. पान एकही नाही, फांद्या उघड्या आणि त्यांवर तळहाताएवढी लालभडक मांसल फुलं. सकाळी सातला अशा एका झाडाखाली तासभर उभं राहिलं, तर नवख्या माणसालाही बारा-पंधरा जातींचे पक्षी सहज दिसतात. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, जंगलात खोल शिरावं लागत नाही, ओळखीचा जाणकारही लागत नाही. त्या दिवसांत त्या झाडावर पंगत बसलेली असते, एवढं ठाऊक असलं की पुरे.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगतो: पक्ष्याच्या मागे धावू नका, त्याचं जेवण कुठे वाढलंय ते शोधा आणि तिथे आधी जाऊन बसा. पक्षी असो, फुलपाखरू असो की खाडीतला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, नियम हाच. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याच आहेत.

पहिली पायरी: एक झाड धरा

घरापासून चालत किंवा एका बसच्या अंतरावर असलेलं एकच झाड निवडा आणि महिनाभर त्याच्याकडेच जा. दर रविवारी नवी जागा गाठण्याच्या नादात कुठलीच जागा कळत नाही. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली.

कोणतं झाड? फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस आणि पांगारा. तिघांची फुलं लाल-केशरी आणि मधाने भरलेली. मार्च-एप्रिलमध्ये जिथे मोहाचं झाड असेल तिथे मोह. आणि या सगळ्या काळात मधूनच कुठेतरी पिकणारे वड, पिंपळ, उंबर. त्यांचं वेळापत्रक झाडागणिक वेगळं असतं, म्हणून ते विचारून घ्यावं लागतं. येऊरमध्ये रस्त्याकडेला रानमेवा विकायला बसलेल्या मावशींकडून मला जेवढं कळलं, तेवढं कुठल्याही अ‍ॅपवरून कळलं नाही. "मावशी, उंबर कुठं पिकलंय का?" म्हटलं की त्या हात करून दाखवतात, "त्या नाल्याच्या पलीकडचं बघा, सकाळी नुसता कलकलाट असतो." करवंदं मात्र घ्या त्यांच्याकडून, आणि घासाघीस करू नका.

सावरीवर काय दिसेल? कोतवाल सगळ्यात आधी येतो आणि इतरांना हुसकावत बसतो. मग बुलबुल, साळुंक्या, भांगपाडी मैना. मार्चमध्ये गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या भोरड्यांचे थवे येतात. हे हिवाळी पाहुणे मध्य आशियाकडे परतण्याआधी इथे पोट भरून घेतात, एप्रिल सरताना निघूनही जातात. शिंजीर फुलाच्या कडेला लटकून मध पितो. पोपट मात्र फूल कुरतडून खाली टाकतो. हळद्या एरवी दिसायला वेळ लागतो, कारण पिवळाधमक असूनही तो पानांत लपतो, पण निष्पर्ण सावरीवर त्याला लपायला जागा नसते. वसंताची सुरुवात नवख्यांसाठी इतकी सोपी का, तर याच कारणाने: जेवण झाडावर आणि पडदा गळून पडलेला.

पिकलेल्या उंबर-पिंपळावर हरियाल शोधा. हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. हिरव्या पानांत बसलेले चाळीस हरियाल माणसाला दिसत नाहीत, आणि मग एकदम सगळे उडतात तेव्हा झाडच अर्धं उडाल्यासारखं वाटतं. तिथेच तांबट, कुटुरगा आणि नशीब असेल तर राखी धनेश.

झाडाखाली कसं उभं राहायचं, हेही शिकण्यासारखं आहे. सूर्य पाठीशी ठेवा. बुंध्याला चिकटू नका, वीस-पंचवीस पावलं मागे राहा, नाहीतर फोटोत पक्ष्याचं फक्त पोट येईल. चढाच्या रस्त्यावर खालच्या उतारावरच्या झाडाचा शेंडा आपल्या डोळ्यांच्या रेषेत येतो, अशी जागा सापडली की ती सोडू नका. कपडे मातकट किंवा हिरवे. पहिली दहा मिनिटं कॅमेरा खालीच ठेवा आणि कोण कुठून येतं, कुठल्या फांदीवर आधी टेकतं ते बघा. बहुतेक पक्षी फुलावर येण्याआधी एका ठरलेल्या काटकीवर थांबतात. त्या काटकीवर फोकस लावून वाट पाहिली की काम झालं.

कॅमेऱ्याचं थोडक्यात

दुर्बीण आधी, कॅमेरा नंतर. ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिमी भिंगाची दुर्बीण घ्या. १०× ची हातात जास्त थरथरते. फोटोसाठी जवळ जे असेल ते चालेल. मोबाइलवर पक्ष्यांचे फोटो नीट येत नाहीत हे खरं, पण किडे, कोळी, सरडे उत्तम येतात. लांब झूमचा ब्रिज कॅमेरा किंवा ७०-३०० मिमीची लेन्स असली तर सुरुवातीची काही वर्षं पुरते.

सेटिंग एवढंच लक्षात ठेवा. बसलेल्या पक्ष्यासाठी शटर १/५०० सेकंद, उडत्यासाठी १/१००० किंवा त्याहून वेगवान. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ऑटोवर टाका. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतात, हललेला फोटो मात्र सुधारता येत नाही. फोकस नेहमी डोळ्यावर. आणि एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती: पांढुरक्या आभाळासमोर काळा कोतवाल बसला असेल तर कॅमेरा आभाळाला भुलतो आणि पक्षी कोळशाचा ठिपका होतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सेटिंग, +१ करा. याउलट गडद पाण्यासमोर पांढरा बगळा असेल तर −१, नाहीतर त्याची पिसं जळून नुसता पांढरा डाग उरेल.

दुसरी पायरी: खाडीवर जाण्याआधी तिथी बघा

रोहित पाहायला मी पहिल्यांदा ठाणे खाडीवर ऐरोलीला गेलो तेव्हा ट्रान्स-हार्बरची पहिली लोकल पकडली होती. पोचलो तर समोर नुसतं पाणी. दोन तास बसलो, एक वंचक आणि चार पाणकावळे पाहून परत आलो. जाळं घेऊन निघालेल्या एका कोळी काकांना विचारलं, "काका, रोहित गेले का?" ते म्हणाले, "गेले नाहीत बाबा, भरती आहे. त्यांच्या ताटावर पाणी आलंय."

खाडीचं सगळं गणित या एका वाक्यात आहे. रोहित चिखलात जेवतो. मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि चिखलपाणी गाळून त्यातलं शेवाळ, बारीक जीव खातो. त्याचा गुलाबी रंगही या खाण्यातल्या रंगद्रव्यांमधूनच येतो, म्हणून पिल्लं राखाडी असतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा ते खाडीत पसरतात. भरतीला चिखल बुडाला की उठून नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर, टीएस चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या मागे, एनआरआय वसाहतीजवळ, डीपीएस तळ्यावर जाऊन उभे राहतात आणि पाणी उतरायची वाट बघतात. म्हणजे ओहोटीला खाडी, भरतीला पाणथळ.

भरती कधी हे कळायला कोकणच्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब वापरा: तिथीचा आकडा गुणिले पाऊण. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी साधारण तीनला पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी, नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठ पाऊण सहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. घड्याळाच्या काट्यावर तो बसत नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत आत भरती आणखी उशिरा पोचते. पण रविवारी ऐरोलीला जायचं की सीवूड्सला, हे ठरवायला कालनिर्णयवरची तिथी पुरेशी आहे. पक्की वेळ हवी तर भरतीचं कोष्टक बघा.

आता हाच हिशोब उलटा करा. सकाळी सात ते नऊच्या कोवळ्या उन्हात पाणथळींवर गर्दी हवी असेल, तर त्या वेळी भरती हवी. म्हणजे दशमी ते द्वादशी. त्यातही एकादशी-द्वादशी चांगली, कारण अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी पुरतं चढत नाही आणि थोडा चिखल उघडाच राहतो, त्यामुळे सगळे पक्षी उठत नाहीत. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला सगळ्यात जास्त पक्षी पाणथळींवर येतात, पण भरती भर दुपारी येते. डोळ्यांसाठी तो सोहळा आहे, फोटो मात्र डोक्यावरच्या उन्हाने सपाट येतात.

नवी मुंबईच्या बाजूने खाडी पश्चिमेला पडते. सकाळी सूर्य पाठीशी आणि पक्षी उजेडात. संध्याकाळी सूर्य समोर, तेव्हा रंगाचा हट्ट सोडा आणि मावळतीसमोर उडणाऱ्या रांगांच्या काळ्या आकृत्या टिपा. एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर चिखलावरून गरम हवा लहरत वर येते आणि कितीही चांगली लेन्स असली तरी लांबचे पक्षी पाण्यात पाहिल्यासारखे थरथरीत येतात. लेन्स बिघडली म्हणून दुकानात जाऊ नका, घरी जा.

दोन जाती ओळखायला सोप्या आहेत. मोठा रोहित उंच, जवळजवळ पांढरा, चोच गुलाबी आणि टोक काळं. लहान रोहित ठेंगणा, जास्त गुलाबी, आणि चोच सबंध गडद. खाडीत संख्येने लहान जास्त. बीएनएचएसने, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, २०२२ मध्ये इथल्या सहा रोहितांना जीपीएस टॅग लावले आणि ते गुजरातपर्यंत कसे ये-जा करतात याचा माग घेतला. काही पक्ष्यांच्या पायांत अक्षरं कोरलेली कडी असतात. झूम करून तशी कडी दिसली तर आधी तिचा फोटो घ्या आणि ती अक्षरं बीएनएचएसला कळवा. फोटो म्हणून सुमार असेल, पण तुमच्या वर्षभरातल्या सगळ्या फोटोंपेक्षा तो उपयोगाचा ठरेल.

खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत गेली. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीच्या फेऱ्या निघतात. त्यांच्या वेळा भरतीप्रमाणे बदलतात, आधी नोंदणी करा. बोटीत उभं राहू नका आणि "जवळ घ्या ना" असं नावाड्याला म्हणू नका. थव्याने माना वर करून एका बाजूला चालायला सुरुवात केली की आपण जरुरीपेक्षा जवळ आलो. दगड मारून किंवा टाळ्या वाजवून थवा उडवणारे लोक मी पाहिले आहेत. चिखल सहा-सात तासच उघडा असतो. तेवढ्यात त्यांना दिवसाचं खाणं उरकायचं असतं आणि एप्रिल-मेमध्ये तर पुढच्या लांब प्रवासाची चरबी साठवायची असते. प्रत्येक उगाच उड्डाण त्यातून वजा होतं. कुरवांना, म्हणजे सीगल पक्ष्यांना, फरसाण टाकणंही तसंच वाईट.

रोहितांवरून नजर हटली की किनाऱ्यालगत बघा. लाल लांब पायांचा शेकाट्या, वर वळलेल्या चोचीचा उचाट, चित्रबलाक, शराटी, तुतवार. कांदळवनाच्या मुळांशी चिखलात उड्या मारणारे निवटे, आणि एक नांगी भलीमोठी असलेले छोटे खेकडे, जे ती नांगी हलवून माद्यांना बोलावतात. पुलावर किंवा लाकडी वाटेवर पोटावर झोपून त्यांचे फोटो काढा. चिखलात उतरू नका, तो माणसाला कंबरेपर्यंत ओढतो. पहाटे कधी कांदळवनाच्या कडेला कोल्हा दिसतो, तेव्हा जागचे हलू नका आणि त्या जागेचा पत्ता कुठेही टाकू नका.

तिसरी पायरी: किड्यांसाठी कढीपत्ता आणि रुई

इथेही जेवणच. फुलपाखराच्या मागे पळालात तर शंभर फोटोंत एक बरा येईल. त्याची अळी काय खाते हे माहीत असेल तर फुलपाखरू स्वतः अंडी घालायला तिथे येतं.

बाल्कनीत कढीपत्ता किंवा लिंबाचं रोप असेल तर त्याची पानं उलटून बघा. पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं आणि ते हळूच सरकलं, तर ती कॉमन मॉरमॉन किंवा लाइम फुलपाखराची लहान अळी. मोठी होताना ती हिरवीगार होते आणि डिवचली तर डोक्यामागून उग्र वासाची नारिंगी शिंगं बाहेर काढते. रोज एकाच वेळी, एकाच कोनातून एक फोटो काढा. साधारण महिनाभरात अंड्यापासून फुलपाखरापर्यंतची मालिका तयार होते. राज्य फुलपाखरू असलेली राणी पाकोळी, म्हणजे ब्ल्यू मॉरमॉन, याच लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालते, त्यामुळे शहरातही मधूनच काळ्या-निळ्या पंखांनी खिडकीसमोरून जाते.

रस्त्याच्या कडेची, पडीक जागेतली रुई मात्र नवख्याची खरी शाळा. तिच्यावर प्लेन टायगर, मराठीत बिबळ्या कडवा, अंडी घालतो. त्याची अळी रुईच्या चिकातलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, म्हणून त्याला घाई नसते. संथ उडतो, निवांत बसतो. पहिला स्वच्छ फोटो तुम्हाला हाच देईल.

किड्यांसाठी सकाळी सात ते नऊ ही वेळ धरा. रात्रीच्या गारव्याने ते सुस्त असतात आणि ऊन खायला पंख पसरून बसतात. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका, सावली पडली की उडालेच. मोबाइल किंवा लेन्स पंखाला समांतर धरा, म्हणजे पूर्ण पंख फोकसमध्ये येतो. उन्हाची झळाळी जास्त असेल तर मधे टिश्यू पेपर धरा, प्रकाश मऊ होतो. मोबाइलला चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स स्वस्तात मिळते. श्वास रोखून, मोबाइल हळूहळू पुढेमागे करत पाच-सहा फोटो घ्या, त्यातला एक जमतो.

आंब्याची पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या, कोकणातले ओंबील, बघायला विसरू नका. त्या आपल्याच अळ्यांच्या रेशमाने पानं शिवतात. हात लावू नका, चावतात आणि सोडत नाहीत. एप्रिलनंतर सावरीची बोंडं फुटून कापूस उडतो, तेव्हा बुंध्याशी लाल-काळ्या ढेकणांची झुंबड असते. बागेतल्या सरड्याच्या नराचं डोकं याच दिवसांत लाल व्हायला लागतं, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून फोटो घ्या. ज्यांना फुलपाखरांचीच ओढ आहे त्यांनी घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याची ओवळेकर वाडी जरूर बघावी. कुठल्या झाडावर कोण येतं, हे तिथे एका फेरीत कळतं.

न करायच्या गोष्टी

काही वर्षांपूर्वी आमच्या गॅलरीतल्या तारेवर शिंजिरीने घरटं विणलं. मी दर तासाला दार उघडून फोटो काढत होतो. मादी दर वेळी उडून समोरच्या झाडावर जाई. तिच्या त्या ये-जा करण्यावर एका कावळ्याची नजर होती. तिसऱ्या दिवशी अंडी नव्हती. त्या घरट्याचे सत्तावीस फोटो माझ्याकडे आहेत, आणि मी ते कुणाला दाखवत नाही. वसंत हा विणीचा काळ आहे. घरटं दिसलं की दुर्बिणीतून दुरून बघा, वही काढा, कॅमेरा पिशवीत ठेवा.

मोबाइलवर पक्ष्याची शीळ वाजवून त्याला बोलावू नका. प्रतिस्पर्धी आला समजून तो पिल्लांचं सोडून भांडायला येतो. पानं, फांद्या तोडून 'स्वच्छ पार्श्वभूमी' करू नका.

आपल्या जिवाचंही बघा. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबट्या आहे. अंधार पडायच्या आत परत फिरा, एकटे जाऊ नका, मुख्य रस्ता आणि गाव सोडून जंगलात शिरायचं तर वन विभागाची परवानगी घ्या. हवाई दलाच्या हद्दीकडे लेन्स रोखू नका. मोठ्या झाडावर, कड्याखाली आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, फ्लॅश काहीही नको, गपचूप मागे फिरा. पाचोळ्यात आणि दगडांत हात घालू नका, आपल्याकडे फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत. एप्रिलमध्ये माणशी दोन लिटर पाणी.

वही

छोटी वही ठेवा. तारीख, तिथी, वेळ, झाड, कोण आलं, काय खात होतं. नाव येत नसेल तर आकार, चोच, शेपटी, आवाज लिहा. नाव मर्लिन किंवा आयनॅचरलिस्ट या अ‍ॅपवर नंतर शोधता येतं. अ‍ॅपचं उत्तर पहिल्या झटक्यात खरं मानू नका, ही जात ठाण्यात या महिन्यात असते का ते ताडून बघा. दुसऱ्या वर्षी हीच वही उघडलीत की सावर कुठल्या आठवड्यात फुलेल आणि भोरड्या कधी येतील हे तुम्हीच दुसऱ्याला सांगाल.

मेच्या अखेरीस बरेचसे रोहित निघून गेलेले असतात, पळस पानांनी झाकलेला असतो, आणि पावशा दिवसभर 'पेर्ते व्हा' ओरडत असतो. त्याच सुमारास येऊरच्या झाडीत सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची स्पष्ट शीळ ऐकू येऊ लागते. तो नवरंग, पावसाच्या तोंडावर विणीसाठी आलेला. झाडावर शोधू नका, त्याचं जेवण खाली आहे, पाचोळ्यात. वाटेच्या कडेला जमिनीवर बसा, आयएसओ बिनधास्त वाढवा, शटर १/१२५ पर्यंत उतरवा, कोपर गुडघ्यावर टेका. पानं उलटत, टुणटुण उड्या मारत तो स्वतःच जवळ येतो.